पहिला नंबर आणि दाराजवळची जागा

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त कोगनोळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या वास्तूच्या पायरीवर लहानपणी चपला काढून आपण भीतभीत आत आलो, त्याच वास्तूत शंभराव्या वर्षी व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. तो मला दिल्याबद्दल मंडळाचे आभार मानणे हे माझे पहिले कर्तव्य. परंतु निमंत्रणासोबत मंडळाने एक परिपत्रकही धाडले होते आणि आजचा विषय मला त्या परिपत्रकातच सापडला. शतकमहोत्सवानिमित्त दात्यांकडून कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून दहावीच्या परीक्षेत गावात पहिल्या तीन क्रमांकांनी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी रोख पारितोषिके द्यावीत, असा तो प्रस्ताव आहे. हेतू निर्मळ आहे, यात शंका नाही. तरीही मी या प्रस्तावाला विरोध करण्यासाठी उभा आहे. बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांच्या ताटावर टीका करू नये हे मला कळते. पण मी पाहुणा कसला, मी तर याच घरचा.

आधी माझा स्वतःचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढे कोणी तो माझ्यापुढे मांडायला नको. मी स्वतः अशा बक्षिसाचा लाभार्थी आहे. आमच्या वेळी सातवीला सार्वजनिक परीक्षा असे. त्या परीक्षेत मी गावात पहिला आलो आणि याच दालनात माझा सत्कार झाला. खादीच्या कापडात बांधलेले एक पुस्तक मिळाले, टाळ्या झाल्या, आणि त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात माझे नाव छापून आले. त्या छापील ओळीचा मला किती अभिमान वाटला हे सांगताना आजही थोडी लाज वाटते. सत्कार चालू असताना माझ्या शेजारी बसणारा, माझ्याइतकाच वाचनवेडा असलेला मित्र बाहेर खिडकीखाली उभा होता. तो गणितात नापास झाला होता. तोवर आम्ही दोघे मिळून येथील बालविभागाची कपाटे पालथी घालीत होतो. त्या दिवसानंतर त्याने वाचनालयाची पायरी चढली नाही. त्याला कोणी येऊ नको म्हटले नव्हते. पण येथे कोणाला मान आहे हे त्याने खिडकीतून पाहिले होते.

पुढे मी शिक्षक झालो आणि जे शिकायला हवे होते त्याच्या उलटेच शिकलो. ज्या शाळेत प्रथम रुजू झालो तेथे मासिक चाचणीच्या गुणांनुसार मुलांना बसवण्याची शिस्त मी लावली. पहिला पहिल्या रांगेत, शेवटचा दाराजवळ. साहेब तपासणीला आले की या शिस्तीचे कौतुक होई. त्या वर्गात एक मुलगी सतत दाराजवळ असे. रात्री चिमणीच्या उजेडात आईबरोबर विड्या वळून ती सकाळी शाळेत पेंगत असे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ती सातवीला नापास झाली आणि शाळेतून गेली. वीसएक वर्षांनी पटनोंदणीसाठी घरोघर फिरत असताना एका दारात ती भेटली. मला ओळखून तिने पाट मांडला, चहा केला आणि हसत म्हणाली, “गुरुजी, माझी जागा दाराजवळची. वारा लई यायचा.” तिच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हती. चहा मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

मंडळी, परीक्षेच्या आकड्यावरून कोणाला उचलून धरायचे आणि कोणाला खाली बसवायचे, हा खेळ आपल्या प्रांतात नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने एक नियमावली आली. सरकारी निरीक्षकाने शाळेत जाऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घ्यायची आणि मुले जेवढी उतरतील त्या मानाने शाळेला अनुदान द्यायचे, असा तिचा सारांश. निकालावर वेतन अशी ही पद्धत. त्याच दशकात ती मुंबई इलाख्यात खाजगी शाळांच्या अनुदानासाठी आली, आणि आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. परिणाम काय झाला? निरीक्षक ज्या पुस्तकातून प्रश्न विचारणार ते पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. पोटासाठी ते शाळातपासनीस होते आणि या पद्धतीचे ते कठोर टीकाकार होते. मुलांना पुस्तक येते, पण वाचता येत नाही, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने ही पद्धत सोडली. आपल्याकडे ती कर्झनच्या काळात टाकून दिली गेली. टाकून दिली म्हणतो खरा, परंतु जिल्हावार निकालाच्या उतरंडी वर्तमानपत्रांत छापून येतात आणि निकाल कमी लागलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना कारणे विचारणारी पत्रे जातात, तेव्हा लोसाहेबांचा आत्मा कुठेतरी समाधानाने हसत असावा.

या सगळ्या प्रकरणात नेमके बोट कोणी ठेवले असेल तर ते जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन प्रसिद्ध आहे. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातील मागणी सर्वांना माहीत असते. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी एक विचार आहे, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेने देण्याची रीत तत्त्व म्हणून न्याय्य दिसते, पण तिच्यामुळे शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, तेव्हा ज्या वर्गांत विद्येची गती झालेली नाही त्यांच्याकडे विशेष लक्ष ठेवून त्या वाटाव्यात, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बक्षिसांना त्यांचा विरोध नव्हता, हेही लक्षात घ्यावे. गोरगरिबांनी मुले शाळेत धाडावीत आणि मुलांना विद्येची गोडी लागावी म्हणून सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे व लहान शिष्यवृत्त्या द्याव्यात असे त्यांनीच सुचवले होते. म्हणजे बक्षीस असावे. पण ते गोडी लावण्यासाठी असावे. ज्याला गोडी आधीच लागली आहे आणि ज्याच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याला बक्षीस दिल्याने आपण फक्त आपलेच समाधान करून घेतो.

आता नदी ओलांडून पलीकडे जाऊ. दूधगंगेपलीकडचे कागल हे राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मघराण्याचे गाव. घाटग्यांच्या घराण्यातून ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा त्या कायद्यात दंडही होता. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया. त्या काळी रुपया ही साधी गोष्ट नव्हती. पण हा दंड कोणाला आणि कशासाठी, ते पाहण्यासारखे आहे. तो मुलाला नव्हता आणि निकालासाठी तर नव्हताच. मुलाला शाळेच्या दारापर्यंत न आणणाऱ्या मोठ्या माणसाला तो होता. आणि महाराजांनी बक्षीस कशाला मानले? वसतिगृहांना. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. गावाकडून आलेल्या पोराला रात्री दिवा, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला जागा मिळणे, याहून मोठे पारितोषिक मला तरी माहीत नाही.

दुसरे उदाहरण एका पुस्तकाचे आहे, आणि आपण पुस्तकांच्या घरात बसलो आहोत म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील मंडळींना त्यांचा सत्कार करावासा वाटला. इतर समाजांच्या मानाने हा काही सोहळ्याचा प्रसंग नव्हता, पण आपल्यातला पहिलाच मुलगा इथवर पोहोचला याचे त्यांना अप्रूप होते. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, विरोध केला. नुसती परीक्षा तर उत्तीर्ण झाला आहे, अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी मध्ये पडले, सभा झाली, आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. पुढे १९०७ साली तोच मुलगा मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. आपल्या परिपत्रकातील प्रस्तावाच्या चाळणीत हा विद्यार्थी खाली गळला असता. सयाजीराव गायकवाडांनी त्याला दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली ती गुणपत्रिकेतील क्रमांक पाहून नव्हे. केळुसकर गुरुजींनी त्याला महाराजांपुढे नेऊन उभे केले, महाराजांनी दोन प्रश्न विचारून पारख केली, आणि काम झाले. केळुसकरांना या मुलाची ओळख कुठून? संध्याकाळी मुंबईतल्या एका बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा म्हणून. एवढेच पाहून त्यांनी आपल्याजवळची पुस्तके त्याला वाचायला द्यायला सुरुवात केली होती.

अर्थात दुसरी बाजू मी दडवणार नाही. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. स्पर्धापरीक्षेने खरी बुद्धी हेरली असे म्हणण्यास हे एक नाव पुरेसे आहे. खेड्यातल्या कित्येक मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेच्या तुटपुंज्या रकमेने पुढचे वर्ष दाखवले, हेही मी शिक्षक म्हणून पाहिले आहे. माझे भांडण परीक्षेशी नाही. परीक्षा हा वैद्याच्या हातातील नाडीचा ठोका आहे. ठोका मंद लागला म्हणून रोग्याला दंड करणारा आणि जोरात लागला म्हणून धडधाकट माणसाला औषध वाटणारा वैद्य मात्र मी अजून पाहिलेला नाही.

शिवाय तो ठोकाही नीट मोजला जातो का? २०२३ साली कर्नाटकाच्या दहावीचा निकाल ८३.८९ टक्के लागला. २०२४ साली परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंगची, म्हणजे कॅमेऱ्यांतून थेट देखरेखीची, व्यवस्था आली आणि निकाल ७३.४० टक्क्यांवर उतरला. तोही वाढीव गुणांचा टेकू भरघोस दिल्यानंतर. एका वर्षात मुलांची बुद्धी दहा टक्क्यांनी आटली काय? आकड्यात मुलाच्या अभ्यासाबरोबर पर्यवेक्षकाची नजर आणि सरकारची दानतही मोजली गेलेली असते. अमेरिकेत २००२ पासून शाळांचे बरेवाईट चाचण्यांच्या गुणांवर ठरू लागले. पुढे अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचे उघडकीस आले, आणि २०१५ साली त्या प्रकरणात ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या आकड्यावर भाकर अवलंबून असते तो आकडा माणसे कशीही करून वाढवतात. इथे माणसाच्या वाईटपणापेक्षा भाकरीचा जोर मोठा असतो.

नापास करण्याच्या शिक्षेची आपल्याकडची कहाणी तर आणखी करुण आहे. १९२९ च्या हार्टोग समितीने दाखवून दिले की १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ उरली होती. गळती आणि स्थगिती हे शब्द तेव्हापासून शिक्षणखात्याच्या भाषेत रूढ झाले. आपल्या शेजारच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक यांनी आयुष्यभर याच गळतीचा पाठलाग केला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी प्रयोग केले आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. पहिली-दुसरीचे वर्ग एकच एकक समजावेत, मध्ये मुलाला अडवू नये, ही त्या आयोगाची शिफारस. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती आठवीपर्यंत नेली. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नसे.

या तरतुदीची जी थट्टा झाली तिला आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत. नापास करायचे नाही याचा अर्थ शिकवलेच नाही तरी चालेल, असा काहींनी लावला. आठवीत येऊन जोडाक्षर न वाचता येणारे मूल मी पाहिले आहे. त्याला वरच्या वर्गात ढकलणे हीही शिक्षाच. फक्त ती त्याला दहावीत कळते. म्हणून २०१९ साली कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यावी, न उतरलेल्या मुलास जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी आणि तरीही न उतरल्यास मागे ठेवावे की नाही हे राज्यांनी ठरवावे, असे झाले. महाराष्ट्राने २०२३ साली मागे ठेवण्याचा पर्याय घेतला. आपल्या राज्यात त्याच सुमारास मूल्यांकन मंडळाच्या परीक्षेचा प्रयोग झाला. त्यात कोणाला मागे ठेवायचे नव्हते. तरी प्रकरण न्यायालयात गेले. २०२४ च्या मार्चमध्ये तर एक निकाल परीक्षेच्या विरुद्ध, लगेच त्याला स्थगिती, ११ तारखेला परीक्षा सुरू, दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती अर्धवट बंद, २५ तारखेला पुन्हा सुरू, आणि ८ एप्रिलला निकाल जाहीर करण्यासच मनाई, असा खेळ झाला. दहा-अकरा वर्षांची पाचवीतली मुले पाटी घेऊन उभी आणि मोठी माणसे आदेश वाचत बसलेली. दूधगंगेच्या दोन्ही काठांवर मुले तीच, बोली तीच, घरातली तंबाखूची नि उसाची कामे तीच. त्यांनी नापास होण्याचे परिणाम मात्र पुलाच्या कोणत्या बाजूला शाळा आहे त्यावर ठरतात.

कायदा काय असावा हे ठरवणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते हे वाचनालय आणि तो निधी.

दहावीची परीक्षा ६२५ गुणांची. गावातला पहिला आणि चौथा यांच्यात पुष्कळदा दोन-चार गुणांचेच अंतर असते. उत्तरपत्रिका दुसऱ्या तपासनीसाच्या हाती पडली असती तर क्रमांक उलटसुलट झाले असते. ज्या घरात शिकवणीची फी भरली गेली आणि ज्या घरातली आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून संध्याकाळी खोकत परतते, अशा दोन घरांतली मुले आपण एका रेषेवर उभी करतो आणि पहिल्याला पाकीट देतो. त्या पाकिटाविना पहिल्याचे काही अडत नाही. त्याला कॉलेज मिळते, शाळा त्याचा फलक लावते, नातलग पेढे वाटतात. खिडकीखाली उभ्या असलेल्याकडे मात्र निकालानंतर कोणी ढुंकून पाहत नाही, आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचा अर्ज भरायचा असतो तो नेमका त्याच दिवसांत.

माझी सूचना साधी आहे. निधी अवश्य उभारावा. त्याच्या व्याजातून जानेवारी ते मार्च हे तीन महिने वाचनालयाचे दालन रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे. त्यासाठी एका सेवकाचे जादा मानधन आणि विजेचे बिल एवढाच खर्च येईल. निकाल लागल्यावर शाळेकडून न उतरलेल्या मुलांची यादी मागवावी. ती फलकावर लावू नये. मंडळाच्या एका सदस्याने घरी जाऊन मुलाला वर्षभराचे विनामूल्य सभासदत्व द्यावे आणि गणित, इंग्रजी, कन्नड यांपैकी जो विषय राहिला असेल तो शिकवायला गावातल्या कोणा निवृत्त शिक्षकाला सांगावे. मी स्वतः गणितासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी यायला तयार आहे. पहिल्या आलेल्यांचा सत्कार ज्यांना करायचा असेल त्यांनी तो खुशाल करावा, पुस्तकही द्यावे. त्याबरोबर पहिल्याने जुलैमध्ये एका न उतरलेल्या मुलाला महिनाभर शिकवायचे, एवढी अट घालता आली तर पाहावे. पुष्कळ पहिले आलेले हे आनंदाने करतील असा माझा अनुभव आहे. जे करणार नाहीत त्यांच्याबद्दलही आपल्याला काही कळेल.

दात्यांपैकी काहींना आपले नाव पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसाला जोडावेसे वाटते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ते रात्रीच्या दिव्याला जोडावे. दालनाच्या भिंतीवर तशी पाटी लावायला माझी हरकत नाही.

सातवीत मिळालेले ते पुस्तक मी आज सोबत आणले आहे. त्याच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि माझे नाव आहे. ते मी ग्रंथपालांकडे परत जमा करीत आहे. दाखल क्रमांक नवा द्यावा. आणि कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत वरील सूचना विषयपत्रिकेवर घ्यावी. सूचक म्हणून माझे नाव लिहावे. अनुमोदक आज सभेतच मिळाला तर बरे, नाहीतर मी बैठकीपर्यंत घरोघर हिंडून एखादा शोधतो. पटनोंदणीची सवय आहे.